काळ्या रंगाखालची पट्टी

पेन्शनवर आल्यापासून माझी पोस्टिंग सौंसरला, माझ्याच घराच्या अंगणात आहे. सकाळी साडेपाचला उठतो. सहाला चहा. सात वाजता कोणाची तरी जुनी गाडी अंगणात उभी असते आणि माझं डोकं तिच्या बोनेटखाली असतं. बायको म्हणते, माणूस घरी आला, डोकं मात्र वर्कशॉपमध्येच राहिलं. खोटं नाही. चोवीस वर्षं मी फौजेत व्हेइकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून बाहेर पडलो.

इंजिन दुरुस्त करणारे सौंसरमध्ये पुष्कळ आहेत. मी ते करत नाही. मी इंजिन बे साफ करतो, म्हणजे बोनेटखालची ती सगळी जागा. तेलाचा थर, चिखल, उंदरांची घरटी, बॅटरीखालचा गंज. सगळं काढायचं आणि जुनी गाडी रंगवून आतून पुन्हा नीट करायची. लोकांना बाहेरचा चकचकाट हवा असतो. मला आतलं दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

मागच्या महिन्यात प्रीती गाडी घेऊन आली. ती लोधीखेड्याच्या शाळेत शिकवते. तिचे वडील नायक नामदेव आमच्या युनिटमध्ये ड्रायव्हर होते. ड्युटीवर असताना वारले तेव्हा ही दोन वर्षांची होती. आता चोवीस. गाडी पंधरा-सोळा वर्षं जुनी, पांढरी, बाहेरून झकास.

"वसंता काकाकडून घेतली," ती म्हणाली. "पण आई बसतच नाही त्यात. म्हणते, देवराव भाऊजी खोलून पाहतील अन् सांगतील तवाच बसीन."

"बरोबर बोलते तुही आई. ठेवून दे गाडी."

वसंता म्हणजे पांढुर्ण्याचा वसंता. एकाच भरतीत निघालेलो आम्ही. शेवटची आठ वर्षं एकाच युनिटमध्ये होतो, मी मेकॅनिक आणि तो स्टोअरचा हवालदार. माझ्या पोरीच्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं त्यानं पाहिलं. मी फक्त पाहुण्यांना नमस्कार करत फिरलो. त्यानं नामदेवच्या पोरीला आपली गाडी दिली हे ऐकून मला बरंच वाटलं होतं.

कामाला लागलो. इंजिन थंड होऊ दिलं. बॅटरीची वायर काढली, आधी निगेटिव्ह. जिथे पाणी जायला नको तिथे प्लास्टिकची पन्नी बांधली. काढलेले नट, क्लिपा आणि ब्रॅकेट संत्र्याच्या रिकाम्या पेटीत मांडून ठेवले. मग केरोसीन आणि ब्रश. कोपऱ्यांसाठी दात घासायचा जुना ब्रश. पाण्याचा जोरदार फवारा मी मारत नाही. घाण निघते, पण पाणी भलत्या ठिकाणी शिरतं. पहिला दिवस तेल काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बॅटरीखालचा गंज काचपेपरनं घासून प्रायमर मारला.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला रबराचे पाइप पुसायला घेतले. ब्रेकच्या बूस्टरला जाणारा एक जाड पाइप असतो. त्याच्यामुळे ब्रेकचं पेडल पायाला हलकं लागतं. तो फाटला तर पेडल दगडासारखं कडक होतं आणि उभं राहून दाबलं तरी गाडी थांबता थांबत नाही. त्या पाइपावर मी केरोसीनचा बोळा फिरवला. बोळा काळा झाला.

रबराचा रंग जात नाही. मी नखानं खरवडलं. रंगाखाली कापडाची कड लागली. सोडवत गेलो तर सात वेढे निघाले. बनियनच्या कापडाची पट्टी, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेली. बाहेरून काळी, आतून पांढरी. वेढे उजवीकडून डावीकडे. शेवटी दुहेरी गाठ, पट्टीच्या खाली दडवलेली. पट्टीखाली पाइपाला बोटभर चीर होती.

तशी पट्टी मी आधी एकदा पाहिली होती.

तेव्हा आमचं युनिट डोंगरात होतं. सात हजार फूट, एकेरी रस्ता, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. आमच्या वर्कशॉपचा एक रिवाज होता. जो पार्ट बदलायचा त्यावर मेकॅनिकनं पिवळ्या रंगाचा टिपका द्यायचा. टिपका असलेली गाडी हलायची नाही. पार्ट बदलला की टिपकाही जुन्या पार्टबरोबर जायचा. हे काही कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण ड्रायव्हर त्या टिपक्यावर विसंबायचे.

वार्षिक इन्स्पेक्शन दुसऱ्या दिवशी होतं. सगळ्या गाड्यांच्या बोनेटखाली धुणं-रंगवणं चालू होतं. सकाळी अकराला मी नामदेवच्या वन टन गाडीच्या, म्हणजे छोट्या ट्रकच्या, ब्रेकच्या ह्याच पाइपावर पिवळा टिपका दिला आणि स्टोअरला चिठ्ठी पाठवली. संध्याकाळी पाचला वसंता आला.

"बदलला तुहा पाइप. रंगही मारला. सही कर."

मी गाडीच्या फिटनेसच्या कागदावर सही केली. बोनेट उघडून पाहिलं नाही. वसंतानं सांगितलं होतं, मग पाहायचं काय?

इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी साडेपाचला ड्रायव्हरांची फर्स्ट परेड होती. म्हणजे गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरनं ती स्वतः तपासायची. बरेच जण बोनेट उघडून डोळे फिरवायचे आणि बंद करायचे. नामदेव तसला नव्हता. तो प्रत्येक पाइपाला हात लावायचा, म्हशीची कास चाचपावी तसा. म्हणून आम्ही त्याची थट्टाही करायचो. त्या दिवशी त्यानं हात लावला आणि मला हाक मारली.

"उस्ताद, ह्या पाइपावर काल पिवळा टिपका होता ना?"

"होता. बदलला वसंतानं."

"नवा वाटत नाही हाताले."

"रंग लागला त्याले. फिट आहे, जा."

"फिट तर फिट," तो म्हणाला आणि बोनेट लावलं.

नऊ वाजता इन्स्पेक्शन झालं. सगळ्या गाड्या पास. दुपारी दोनला नामदेव सहा जवान घेऊन खालच्या पोस्टकडे निघाला. दोन पन्नासला रेडिओ वाजला.

"टँगो वन फॉर टँगो फाइव्ह. वन टन पहाड से टकराई. ड्रायव्हर सीरियस. रिकव्हरी भेजो. ओव्हर."

"बाकी जवान? ओव्हर."

"छह सेफ. ड्रायव्हर सीरियस. जल्दी करो. आउट."

मी रिकव्हरी गाडीवर गेलो. तीन पस्तीसला पोहोचलो. नामदेवनं गाडी दरीकडे जाऊ दिली नव्हती. कड्यावर घातली होती, स्वतःच्या, ड्रायव्हरच्या बाजूनं. मागे ताडपत्रीत बसलेल्यांना खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. ते म्हणाले, गाडी उतारावर एकदम जोरात निघाली आणि हॉर्न वाजतच राहिला. नामदेव चार दहाला गेला. शुद्धीवर आला नाही.

बोनेट पार चेपलं होतं. फटीतून एक कापडाची चिंधी लोंबत होती. एका बाजूनं काळी, एका बाजूनं पांढरी, टोकाला दुहेरी गाठ. ड्रायव्हर पुसायला चिंध्या ठेवतातच. मी ती ओढून फेकून दिली.

चौकशी झाली. पाइप नवा, असं वसंता म्हणाला. गाडी फिट, असं मी म्हणालो. जोरात होती, असं सहाही जवान म्हणाले आणि ते खरंच होतं. ब्रेक लागत नसेल तर गाडी जोरात जाणारच, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मेकॅनिक असून नाही. ड्रायव्हरनं उतारावर वेग ठेवला, अशी नोंद झाली.

शव घरी पोहोचवायला गावाकडचा माणूस देतात. मी होतो. लोधीखेड्याला सुमन वहिनींनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "भाऊजी, झालं कसं?"

मी म्हणालो, "गाडी जोरात होती, वहिनी."

हे सगळं मला माझ्या अंगणात, हातात पट्टी घेऊन आठवलं. अकरा दहाला मी पांढुर्ण्याला जायला मोटारसायकल काढली. पाइप आणि पट्टी पिशवीत घातली. बोरगाव मागे पडलं, बाजूनं संत्र्याचे बगीचे गेले, मला काही दिसलं नाही. मी स्वतःशी बोलत होतो. आमच्या वसंताच्या हातून असं होणारच नाही. दुसऱ्या कोणीतरी बांधली असेल. पण वसंता डावखुरा आहे. वेढे उजवीकडून डावीकडे घेऊन गाठ खाली दडवणारा त्याच्याशिवाय दुसरा मला चोवीस वर्षांत भेटलेला नाही.

तो पडवीत पेपर वाचत बसला होता. "अरे, ये ये," म्हणाला, आत चहा सांगितला. मी पट्टी त्याच्या पेपरवर ठेवली.

त्यानं चष्मा वर केला. "माहीच आहे. कोणत्या गाडीची?"

कोणत्या गाडीची! म्हणजे एकच नव्हती.

"प्रीतीच्या," मी म्हणालो. "अन् नामदेवच्या गाडीतही हेच होती. खरं का खोटं?"

चहा आला. तो कपाकडे पाहत बोलला.

"स्पेअर आला नव्हता. दोन गाड्या आधीच उभ्या होत्या. तिसरी उभी दिसली असती तर साहेबानं माही पट्टीच काढली असती, प्रमोशनची."

"मले सांगतलं तू, बदलला म्हणून."

"तू मानला नसता."

"नसतोच मानलो."

"मंग? इन्स्पेक्शनच्या एका दिवसाचा तर सवाल होता. स्पेअर चार दिवसांनी येणार होता."

"पोरीच्या गाडीले कोणतं इन्स्पेक्शन होतं?"

"ते पट्टी तीन वर्षं चालली, देवराव! मी सोता चालवून राहिलो होतो. माह्या बायकोले बसवून. पाइप बदलाचा राहून गेला, बस."

आणि हे तो मनापासून बोलत होता. आपल्या पट्टीवर त्याचा आजही विश्वास आहे. त्यानं जाणूनबुजून कोणाचा जीव घेतला असता तर मी त्याला ओळखलंच नव्हतं, असं म्हणून मोकळा झालो असतो. पण मी त्याला ओळखतो. माझ्या पोरीचा मांडवही त्यानंच बांधला होता. त्या मांडवाच्या गाठी मला आठवल्या.

"चाल माह्यासंगं लोधीखेड्याले," मी म्हणालो. "वहिनीले तुह्या तोंडानं सांग."

"आता सांगून काय होणार? नामदेव वापस येणार आहे का?"

"दोष त्याच्या नावावर लागला आहे."

"मी नाही येत." त्यानं पेपरची घडी केली, पट्टी त्यात गेली. मी पट्टी काढून घेतली. चहा तसाच राहिला. त्या घरात मी चहा सोडून उठलो असं पहिल्यांदा झालं.

गाडीला नवा पाइप लावला. बॅटरीखाली रंगाचे दोन पातळ हात दिले. पाइपाला मात्र काही लावलं नाही, ना रंग ना पॉलिश. जसा आहे तसा दिसू दे. रविवारी सकाळी नऊला गाडी घेऊन लोधीखेड्याला गेलो.

सुमन वहिनींसमोर मी पट्टी ठेवली आणि रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. टिपका कधी दिला, सही कधी केली. नामदेवनं मला काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. स्वतःचं काही वगळलं नाही. प्रीती दाराला टेकून ऐकत होती.

वहिनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहत होत्या. "बावीस वर्षं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं मी ह्या माणसाले बोलून राहिली, भाऊजी. घरी लहान पोरगी होती, जोरात कायले पळवली गाडी? दिवा लावतानी बोलली, पोरगी गाडी शिकत होती तवा बोलली. बापासारखी नोको करू म्हणून."

वसंतानं मला फसवलं आणि मी ह्यांना. माझ्यावर ज्यांनी विश्वास ठेवला त्या दोघांनाही, नामदेवला आणि वहिनींना, मी 'फिट आहे' असंच काहीतरी सांगून मोकळा झालो होतो.

"म्हणजे त्यायनं पाहली होती गाडी?" वहिनींनी विचारलं.

"पाहली होती. हात लावून. त्याले समजलंही होतं. मीच म्हटलं जा."

त्या उठल्या. मला वाटलं, आता जा म्हणतील, आणि म्हणाल्या असत्या तरी चुकलं नसतं. त्या अंगणात गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"उघडा ते. कसे पाहत होते ते दाखवा मले."

मी बोनेट उघडलं. तेल. पाणी. बेल्ट. मग पाइप, एकेक, मुळापासून टोकापर्यंत. वहिनींनी माझ्यामागून प्रत्येक पाइपाला हात लावला. ब्रेकच्या पाइपावर त्यांचा हात जास्त वेळ राहिला. मग पदरानं हात पुसून त्या पुढच्या सीटवर बसल्या.

"चाल प्रीती," म्हणाल्या. "तुह्या बापासारखी चालव."

फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला मी पत्र टाकलं आहे. माझी सही, माझी चूक आणि वसंताची पट्टी, तिन्ही त्यात आहेत. उत्तर आलेलं नाही. वसंताचा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. नोंद बदलेल तेव्हा बदलेल. तोवर इथे लिहून ठेवतो.

नायक नामदेव, ड्रायव्हर, राहणार लोधीखेडा. सकाळी साडेपाच वाजता फर्स्ट परेड केली. दोष ओळखला आणि मेकॅनिकला सांगितला. ब्रेक गेल्यावर गाडी दरीत जाऊ दिली नाही. सहा जवान सुखरूप.