तिने निळा पेपर मागितला

आयर्लंडला येऊन दहा वर्षं झाली. नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी एक गोष्ट बजावून सांगते: इथल्या 'ग्रँड' या शब्दावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे ग्रँड म्हणजे झक्कास, थाटामाटाचं. इथे ग्रँड म्हणजे चाललंय, पुढचं विचारू नका. मी ट्रलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. पहिल्याच हिवाळ्यात एक म्हातारे शेतकरी आले, मुलीने ओढून आणलेले. "आय'म ग्रँड, डॉक्टर," म्हणत छान हसत होते. मी पांघरूण वर केलं, तर पायाची दोन बोटं काळी ठिक्कर. शुगर! आणि हा बाबा महिनाभर त्याच पायाने गाईंच्या मागे फिरत होता.

ही गोष्ट मी घरी जेवताना सांगितली. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, तेही इथल्या केरी जिल्ह्याच्या हेलात, हे पुढे आमच्या घरात ठरूनच गेलं. तिने विचारलं, तुला कळलं कसं? मी ऐटीत म्हटलं, "अगं, तोंडाकडे बघायचंच नाही. पांघरूण काढायचं."

काय तो शहाणपणा माझा!

पंधराव्या वर्षी तिने गॉलवेच्या युनिव्हर्सिटीत कृत्रिम गुडघ्याचा सांधा हातात घेऊन पाहिला. शाळेची सहल होती. घरी येऊन म्हणाली, मला हे बनवायचंय. डॉक्टर हो, असं मी तिला कधीही म्हटलं नाही, शपथेवर सांगते. हे वेड तिचं स्वतःचं होतं. पण गॉलवेच्या इंजिनीअरिंगला लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली बारावी, हायर गणित घेऊन द्यावी लागते. ऑर्डिनरी, म्हणजे सोपं गणित घेतलं की ते दार बंद. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं.

अकरावीच्या वर्षी पालकसभा झाली. आधी मुख्याध्यापकांनी पडद्यावर दाखवलं की आपल्या सरकारी शाळेत किती देशांची मुलं आहेत, घरी कुठकुठल्या भाषा बोलतात. त्या यादीत मराठी! मी लगेच फोटो काढला. बाहेरून आलेली मुलं अभ्यासात कशी पुढे आहेत, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. मग जिममध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक शिक्षकासमोर रांग, आणि आपल्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं. गणिताच्या बाईंनी वहीतून मान वर केली, मला पाहिलं आणि हसल्या. "अहो, ती ग्रँड आहे. तुमच्याकडच्या मुलांची आम्हाला काळजीच नसते."

इतकी वर्षं जी बाई सगळ्यांना त्या शब्दाचा अर्थ शिकवत फिरते, तिने त्या क्षणी आपल्या पुण्याकडचा अर्थ घेतला. ग्रँड! बाहेर येऊन गाडीत बसायच्या आत ताईला पुण्याला मेसेज टाकला, "टीचर म्हणाल्या, ग्रँड आहे." ताईने पेढ्याचं चित्र पाठवलं. लेक शेजारी उभी राहून माझ्या फोनकडे बघत होती.

पुढची दीड वर्षं मी तिच्या खोलीत गेले की वही मिटायची. खोडरबराचा भुगा टेबलभर. "जमतंय ना गं?" "आय'म ग्रँड." आणि मी चहा टाकायला निघून जायची. फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली. तिचे मार्क शाळेच्या ॲपवर होते. ड्युटीच्या गडबडीत मी ते उघडून पाहिले नाहीत. तिला विचारलं, तिने तोच शब्द सांगितला, विषय संपला. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

गणिताच्या पेपरला मी रजा घेऊन शाळेबाहेर गाडीत बसून होते. ती सगळ्यांच्या आधी बाहेर आली. गाडीत बसली, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली, "आई, आय टुक द ब्लू वन."

"निळा म्हणजे?"

हायरचा पेपर गुलाबी असतो आणि ऑर्डिनरीचा निळा. हॉलमध्ये ऐनवेळी हात वर करून निळा मागता येतो. तिने मागितला होता.

पहिल्यांदा मी ओरडलेच, खोटं कशाला बोलू. "अगं, मग सांगायचं नाही? एकदा तरी? शिकवणी लावली असती, मी बसले असते तुझ्याबरोबर!"

ती रडली नाही. म्हणाली, वर्गातली मुलं तिच्या वहीत बघून उतरवून घ्यायची. भारतातली आहे, डॉक्टरची मुलगी, तिला येणारच. बाकीचे हात वर करून अडलेलं विचारायचे. बाई तिच्या बाकापाशी कधी थांबल्याच नाहीत. ती कुठल्या तोंडाने विचारणार? हे सगळं तिने इंग्रजीत सांगितलं. मग मराठीत म्हणाली, "मला येतच नव्हतं गं, आई."

कित्येक वर्षांत तिच्या तोंडून एवढं मोठं मराठी वाक्य ऐकलं नव्हतं. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो मांडीखाली घेतला.

"त्या आजोबांचं पांघरूण तू काढलंस," ती म्हणाली. "माझं नाही."

आता ती गॉलवेलाच आहे, दुसऱ्याच कोर्सला. इंजिनीअरिंगच्या इमारतीवरून तिला रोज जावं लागतं, हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. दर रविवारी फोन असतो. गेल्या रविवारीही मी विचारलं, कशी आहेस, आणि ती म्हणाली, ग्रँड.

मी म्हटलं, "बाळा, कॅमेरा चालू कर ना. बघू दे मला."

तिने केला नाही.