बेंदराच्या दिवशी सोन्याची गव्हाण

“भावजी, पोरीला जेवण झाल्यावर सांगा. सणाचा दीस हाय, उगं रडत बसंल.”

चुलीपाशी काकी माझ्या वडिलांना, आबांना, हळूच सांगत होती. मी दाराआड उभी होते... आणि गोठ्यात आमच्या सोन्या बैलाची जागा रिकामी होती.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. इंग्लिश मीडियमची शाळा, पाचगणीचं होस्टेल — गावाकडच्या भुताखेतांच्या गप्पा मी मुकाट ऐकायचे आणि मनात हसायचे. ही गोष्ट बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या बेंदराची, म्हणजे बैलांच्या सणाची, कवठे महांकाळजवळच्या आमच्या मळ्यातली.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झाली. वर्षभर जू ओढलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि ‘उद्या जेवायला या’ म्हणून त्यांना आवतण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आबा फौजेतून रजेवर आले होते. दुष्काळात जनावरांच्या छावणीत जगवलेला सोन्या आता लंगडत होता, म्हणून ‘त्याला विकणार का?’ असं मी भीतभीत विचारलं. त्याचा खांदा चोळतच ते म्हणाले, “खुळी का काय तू? सोन्या हितंच म्हातारा व्हनार. माजा शबूद हाय.”

आणि पहाटे आबांनीच त्याला मिरजेच्या व्यापाऱ्याच्या हवाली केलं.

काकीने सवयीने दोन्ही बैलांच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. सोन्याच्या मी मुद्दाम त्याच्या गव्हाणीत ठेवल्या आणि गोठ्याच्या दारातच बसले. जोडीचा मोहन्या आखूड दाव्याला होता, त्याचं तोंड तिथवर पोचतच नव्हतं. भर दुपार, लख्ख ऊन. एकाएकी मोहन्या अंग चोरून बाजूला सरकला — सोन्याला वाट द्यायचा, अगदी तसा. मग चघळल्याचा आवाज... मोहन्याचं तोंड मिटलेलं होतं.

जवळ जाऊन पाहिलं. गव्हाण रिकामी, लाळेनं ओली. आणि सकाळीच धुतलेल्या खांबावर, बैलाच्या खांद्याच्या उंचीला, हळद-लोण्याचा ताजा पट्टा.

आबांना हाक मारली. त्यांनी बोट लावून वास घेतला. “मोहन्यानं घासलं असंल.” मोहन्याचे खांदे तर सकाळीच धुऊन कोरडे झालेले. “मग कुत्रं शिरलं असंल.” मी दारातून हललेच नव्हते!

याचा उलगडा मला अजूनही झालेला नाही, आणि आबा तो विषय काढू देत नाहीत. तेव्हाही ते माझ्याकडे बघत नव्हते. खांबाकडेच बघत म्हणाले, “दुसरा आनू की गं. ह्येच्याहून देखणा. शबूद देतो.”

मोठ्यांना उलट बोलायची मला सवय नाही. तरी बोलले, “नको आबा. मला आता कशाचाच शब्द देऊ नका.”