आत्याच्या जीपचा गिअरबॉक्स

निर्णय लांबणीवर टाकण्यात माझ्या आत्याचा हात धरणारं माणूस अख्ख्या डोंबिवलीत सापडायचं नाही. कुकर घ्यायचा तर ती झाकण इतक्या वेळा लावून-काढून बघते, की दुकानदार कंटाळून माळ्यावर निघून जातो. अशा बाईने, रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर, आपल्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं. इंजिन एका पिकअपचं मिळालं, पण त्याला गिअरबॉक्स कुठला लावायचा यावर सगळं अडलं. जीपचा मूळचा गिअरबॉक्स डिझेलचा जोर सोसणार नव्हता. पिकअपचा दणकट होता, पण त्याचा क्लच भलताच जड. तिसरा पर्याय ऑटोमॅटिक, त्याला क्लचच नाही. आत्याने दातांच्या डॉक्टरांना विचारलं, भाजीवालीला विचारलं, कळव्याला एका तेराव्याला गेलो तर तिथल्या गुरुजींनाही विचारलं. दरम्यान पिकअपचा गिअरबॉक्स तिच्या हॉलमध्ये येऊन बसला होता. भिशीला आलेल्या बायका त्याच्यावर पर्स ठेवत.

खरी अडचण तिचा डावा गुडघा होता. तो अधूनमधून आखडायचा. मानपाड्याचा मिस्त्री तिला म्हणाला, "ताई, ऑटोमॅटिक घ्या. पायाला आराम पडेल."

"उतारावर गाडी इंजिनाने धरली पाहिजे," आत्या म्हणाली. "नुसतं बसून वर जायला आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे."

शेवटी पिकअपचाच बसला. एका रविवारी सकाळी चाचणीसाठी ती मला घेऊन निघाली. मानपाड्याच्या पुढे बंद पडलेल्या दगडखाणीची टेकडी आहे, तिथे. चढ उभा, खाली सुटी खडी आणि उजव्या हाताला खाणीचा खड्डा. जीप सगळ्यात हळू गिअरमध्ये छान चढत होती. अर्ध्यावर वळण घेतलं तर समोर म्हशी. आत्याने ब्रेक दाबला, पण क्लच दाबायला डावा पाय हललाच नाही. गाडीने एक हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं.

म्हशी आपल्या गतीने निघून गेल्या. आम्ही तिथेच. हँडब्रेक ओढला, तरी जीप खडीवर तसूभर मागे घसरली.

"आपण जागा बदलू या का?" मी विचारलं.

"बदलताना ब्रेकवर पाय कोणाचा?"

मी वाकून हाताने क्लच दाबून पाहिला. तो निम्मासुद्धा गेला नाही, आणि माझं डोकं तिच्या गुडघ्याला लागलं. तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"ऊठ. नीट बस," ती म्हणाली. "गाडी गिअरमध्येच आहे. मी तसाच स्टार्टर मारते. स्टार्टरच्या जोरावर ती पुढे सरकेल आणि मग इंजिन लागेल."

"आणि नाही लागलं तर?"

"तर तुझ्या बायकोला काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही."

तिने किल्ली फिरवली आणि दोन्ही ब्रेक सोडले. जीप मागे येतेय असं मला वाटलं. मग ती कण्हत, आचके देत पुढे सरकू लागली. मागे खडी घरंगळत खाणीत पडल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले. इंजिनाने एकदा ठसका दिला, दुसऱ्यांदा धरलं, आणि तशीच, कुठेही न थांबता, आत्याने जीप माथ्यावर नेऊन बंद केली.

आत्याने दोन्ही हातांनी डावा पाय उचलून सरळ केला.

"मिस्त्रीला फोन लाव. ऑटोमॅटिक बसव म्हणावं."

"इतक्या पटकन ठरलं?"

"ठरलेलं आधीच होतं रे," ती म्हणाली. "म्हणवत नव्हतं."

उतरताना जीप मी चालवली. ती शेजारी बसली, खाणीकडे बघत. वाटेत तिने माझी एकही चूक काढली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता जीपला ऑटोमॅटिक आहे. आत्या पुन्हा त्या टेकडीवर जाते, मला नेते. मिस्त्रीचं खरं ठरलं, हे ती मान्यही करते. परवा मी शेजारी बसलो होतो. वळण आलं आणि तिचा डावा पाय उचलला गेला, क्लचच्या जागी रिकाम्या मॅटवर दाबला गेला, सावकाश सुटला. मी बाहेर बघू लागलो, पण तिने मला पाहिलं होतं.

"असू दे," ती म्हणाली. "पायाला मी अजून सांगितलेलं नाही."