झेंडूचं श्रेय

निसर्ग वाचवायला दूरदृष्टी लागते, असं आमच्या समितीचं मत होतं. म्हणून ढाणकीजवळच्या फुलपाखरू उद्यानातलं सगळं गवत काढून आम्ही झेंडू लावत होतो.

गवत कापणारी बाई मूठ धरण्याआधी विळ्याच्या पाठीने पाती बाजूला करून बघायची. एक कोपरा तिने कापलाच नाही.

"मावशी, तेवढं राहिलं," मी म्हणालो.

"राह्यलं नाही, ठेवलं. अळ्या जेवून राह्यल्या, भाऊ. जेवत्याले कायले उठवू?"

मुकादम म्हणाला, "मग उद्या येऊ नको."

ती आली नाही. पाहुण्यांनी उद्घाटनाची तारीख पुढे ढकलल्याने कामही थांबलं, कोपरा तसाच राहिला.

तीन आठवड्यांनी फीत कापताना दोनच फुलपाखरं दिसली, तपकिरी, त्याच कोपऱ्यातली. अहवालात श्रेय झेंडूला दिलं आहे. अहवाल मीच लिहिला.