थोरल्या जाऊबाई कावळ्याला काय म्हणाल्या

गेलेल्या माणसांचं इतक्या लाडाकोडानं करणारी जिवंत बाई अख्ख्या रायगड जिल्ह्यात आमच्या थोरल्या जाऊबाईंखेरीज दुसरी नसेल, आणि असलीच तर मला तिची ओळख करून घ्यायची नाही, कारण ह्या एकीमुळेच माझ्या पोटात पुरेसं दुखतं. त्या, म्हणजे आमच्या वहिनी, रोह्याच्या, आम्ही पेणचे. तसं आमचं मूळ घर रोह्याचंच, पण माझे यजमान नोकरीसाठी पेणला आले, मी तिथल्या शाळेत शिकवायला लागले, आणि बघता बघता आम्ही पेणकर झालो. पेणकरांना कशाचा कमीपणा वाटायचं कारण नाही. आमचे गणपती विमानानं परदेशी जातात, आमचे पोह्याचे पापड न्यायला मुंबईची माणसं गाडी थांबवतात. पण रोह्याला एक गोष्ट अशी आहे की तिचं नाव निघालं की मी गप्प बसते, आणि वहिनी नेमकं तिचंच नाव काढतात. ती म्हणजे तिथली स्मशानभूमी.

ज्यानं ती पाहिली नाही त्यानं हसू नये. कुंडलिकेच्या काठाला, इंग्रजांच्या काळात, गावातल्या जाणत्या माणसांनी बाग वसवावी तशी वसवलेली ती जागा आहे. मोठाली झाडं, दगडी बाकं, फुलांचे वाफे आणि थेट नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. बाहेरगावची माणसं मुद्दाम बघायला येतात आणि बघून झाल्यावर हळू आवाजात म्हणतात की इथं यायला हरकत नाही. आमचं पेणचं स्मशान साधं, कामापुरतं. तिथं कुणी फिरायला जात नाही. वहिनी मात्र रोज सकाळी थर्मासमध्ये चहा भरून, नीट इस्त्रीची साडी नेसून, माहेरी निघाल्यासारख्या त्या बागेत जातात. तिथला माळी एकदा माझ्यादेखत त्यांना म्हणाला, "वयनी, इथं येनारं मानूस एकतर रडत येतं, नायतर घाईत येतं. तुमीच एकट्या निवांत येता, नि परत पन जाता." वहिनींनी त्याला कपभर चहा ओतून दिला आणि जास्वंद चुकीची छाटली म्हणून चार शब्द सुनावले.

आमच्या घराण्यातलं जे जे माणूस तिथं गेलं, त्याला वहिनींनी आपल्या मनानं एकेक जागा नेमून दिली आहे. मामंजींना नदीकडचं बाक, कारण त्यांना वारा लागायचा. चुलतसासूबाईंना बकुळीखाली, आणि त्यांच्या नणंदेला अगदी दुसऱ्या टोकाला, कारण हयातीत त्यांचं पटलं नाही आणि आता उगाच परीक्षा कशाला बघा. ह्या जागांबाबत त्या फार कडक आहेत. एकदा कुणी एक गृहस्थ मामंजींच्या बाकावर ऐसपैस बसून मोबाइल बघत होते. वहिनी त्यांच्याजवळ जाऊन अदबीनं म्हणाल्या, "जरा सरकता का, आमच्या सासऱ्यांना टेकू द्या." गृहस्थांनी वर बघितलं, वहिनींच्या मागं कुणी नाही हे बघितलं, आणि ते असे उठले की चप्पल न्यायलासुद्धा माळ्याला पाठवावं लागलं.

मग प्रत्येकाला त्याच्या आवडीची बातमी मिळते. मामंजींना हायवेची. "गडबच्या पुढं अजून खणूनच ठेवलाय," असं त्या त्यांना सांगतात, "तुम्ही गेलात तेव्हा होता तसाच आहे, तुमचं काही चुकलं नाही." चुलतसासूबाईंना कुणाकडे पाळणा हलला ते. स्वतःच्या यजमानांपुढं मात्र त्या नुसत्याच चहा पीत बसतात. मी विचारलं, भाऊजींना काहीच सांगत नाही का, तर म्हणाल्या, "ह्यांनी तेव्हा कुठं ऐकलं होतं? पण बसायला सोबत बरी आहे." एवढं बोलून त्यांनी थर्मासचं झाकण उगाच दोनदा लावलं.

घरी पाहुणा आला की त्याला आधी ग्रामदैवत आणि लगेच स्मशान, हा वहिनींचा शिरस्ता. माझ्या लेकाचं लग्न झालं तेव्हा नाशिकची नवी सून हिरव्या चुड्यासकट तिथं नेली गेली. पोरगी हौशी. तिला वाटलं नगरपालिकेची बाग आहे. तिनं बकुळीखाली, बाकावर, पायऱ्यांवर मनसोक्त फोटो काढले आणि माहेरच्या ग्रुपवर टाकले. मग वहिनी तिला म्हणाल्या, "आता ह्यांच्या पाया पड. हे तुझे आजेसासरे, हे मोठे सासरे, आणि त्या तिकडे फुलं आहेत ना, ती जागा माझी." सून पांढरी पडली. तिच्या आईचा मला फोन आला, आणि विहिणीला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण खरी गंमत पुढं आहे. तीच सून आता रोह्याला गेली की पहाटे उठून थोरल्या सासूबाईंबरोबर थर्मास घेऊन निघते. माझ्याबरोबर ती पेणच्या बाजारातसुद्धा येत नाही.

अशी माणसं वहिनींकडे आपसूक वळतात, जिवंत काय आणि गेलेली काय. मला ह्याचा राग येतो हे मी लपवत नाही. आमच्या सासूबाईंचंच घ्या. त्यांची शेवटची वर्षं माझ्याकडे पेणला गेली, कारण डॉक्टर जवळ होते. त्यांची वेणी मी घातली, पथ्यपाणी मी केलं. त्या जेवल्याशिवाय मी कधी पानावर बसले नाही, आणि त्यांना जेवायला तासभर लागायचा. आणि तोंडात घास घेऊन त्या काय म्हणायच्या? "थोरली बिरडं करते ना, त्यात वाल कसा अख्खा राहतो." मी सोललेला वाल एकेक निवडून शिजवायचे. अख्खाच राहायचा. पण त्यांना तो रोह्याचा वाटायचा नाही. आणि वर एक अट, "मला इथं ठेवू नका हो. मला आपल्या बागेत न्या." शेवटी त्या गेल्या तेव्हा त्यांना पेणहून रोह्याला नेलं. गाडी गडबवरून, नागोठण्यावरून हेलकावे खात गेली, आणि मी वाटभर त्यांचं डोकं हलू नये म्हणून धरून बसले होते. दारात वहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आलात आई? या." जणू सासूबाई इतकी वर्षं माझ्याकडे पाहुण्या म्हणून राहून आता घरी आल्या होत्या. सासूबाई गेल्याचं दुःख मला होतंच, पण त्या 'या'नं जो डंख मारला तो वेगळा.

दहाव्याला तर कहर झाला. नदीकाठच्या दगडावर पिंड ठेवला. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा राहिली नाही असं समजायचं, आणि तो शिवेपर्यंत घरातल्यांनी अन्नाला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. रोह्यात कावळ्यांना तोटा नाही. झाड काळं झालं होतं, पण एकही खाली येईना. भाऊजी तेव्हा होते. त्यांनी पुढं होऊन सांगितलं की रोह्याचं घर विकणार नाही. कावळे ढिम्म. माझ्या यजमानांनी तंबाखू सोडण्याचं वचन दिलं. त्यावर एक कावळा उडूनच गेला, आणि आईला मुलगा चांगला ठाऊक होता हे सगळ्यांना पटलं. मग मी गेले. मी म्हटलं, आई, तुमची तुळस वाळू देणार नाही, तुमची पेटी तशीच ठेवीन, माझ्या हातून काही राहिलं असेल तर सांगा. एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि मान तिरकी करून त्यानं माझ्याकडे अगदी तसं बघितलं, जसं सासूबाई माझ्या बिरड्याकडे बघायच्या. पिंडाला मात्र तो शिवला नाही. ऊन डोक्यावर आलं. मग वहिनी पदर खोचून पुढं झाल्या, दगडाशी वाकल्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या आणि मागं सरल्या. त्या धड मागं सरल्याही नव्हत्या, तो कावळ्यानं पिंडात चोच घातली.

काय म्हणाल्या असतील? ह्या एका प्रश्नानं माझी कित्येक वर्षं खाल्ली. सासूबाईंची अशी कुठली इच्छा होती, जी रोज वेणी घालणाऱ्या मला माहीत नव्हती आणि सणावारी भेटणाऱ्या थोरलीला माहीत होती? मी आडून विचारलं, सरळ विचारलं, एकदा तर संक्रांतीच्या तिळगुळावर शपथ घालून विचारलं. वहिनींचं उत्तर ठरलेलं, "ते माझं नि आईंचं." असं म्हणून त्या विषय बदलायच्या आणि माझा तिळपापड व्हायचा. मला पक्कं वाटायला लागलं की सासूबाईंनी जाताना आपलं मन थोरलीपाशी ठेवलं आणि मला नुसता कंगवा दिला.

यंदा वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यातच पितृपक्षात सासूबाईंची तिथी आली. वहिनी एकट्या, भाऊजीही आता बागेत गेलेले, म्हणून आम्ही दोघं आदल्या दिवशी रोह्याला गेलो. स्वयंपाक मी केला, वहिनी खुर्चीत बसून मीठ किती ते सांगत होत्या. आमचे हे भटजींबरोबर पाटावर अडकलेले. इतर घरांत कावळ्याचं पान गच्चीवर ठेवतात, पण वहिनींचा दंडक वेगळा. "आईंना गच्चीची सवय नाय गो," त्या म्हणाल्या, "नदीवरच नेऊन ठेव. आणि जाताना मामंजींना सांग, माझे टाके निघाले."

मी पान घेऊन गेले. मामंजींना टाक्यांचं सांगितलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून सांगितलं, पण सांगितलं. त्याच दगडावर पान ठेवलं, वरण-भात, वडे, खीर, आणि एका बाजूला माझं बिरडं. नदी भरून वाहत होती. झाडावर कावळे होते, आणि ते नुसते बघत होते. मी हात जोडले, उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. आई, म्हटलं, निदान आज तरी. काही नाही. तिकडे वहिनींची दुखण्यावरची गोळी जेवणानंतरची होती, आणि कावळा शिवल्याशिवाय त्या घास घेणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. शेवटी मी चिडून त्यांनाच फोन लावला.

"येत नाहीत हो. त्या दिवशी काय म्हणाला होतात ते आता तरी सांगा."

पलीकडे थोडा वेळ कुकर थंड होत असल्यासारखा श्वास ऐकू आला. मग वहिनी म्हणाल्या, "अगं, मी काय म्हणणार? तू सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतंस. खांबाला धरून उभी होतीस. मी म्हटलं, आई, धाकटी उपाशी आहे. तुम्ही जेवलात की ती जेवेल."

"एवढंच?"

"एवढंच. नि लगेच आल्या."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"का सांगू? पोटच्या मुलांनी घर सांगितलं, तंबाखू सांगितली, त्यांना आल्या नाहीत. तुझं नाव घेतलं नि आल्या. माझ्या नावानं आल्या असत्या तर गावभर सांगितलं असतं मी."

फोन कानाला तसाच होता आणि मला रडू फुटलं. म्हणजे इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती, आणि दोघींनी मिळून एका कावळ्याला पुरून उरेल एवढा जळफळाट केला होता. मी डोळे पुसले, दगडाशी वाकले आणि म्हटलं, "आई, वहिनी उपाशी आहेत. त्यांचा गुडघा दुखतोय, जेवल्याशिवाय गोळी घेता येत नाही." मी ताठ उभी राहते न राहते तोच पंखांचा आवाज झाला. कावळा आला आणि त्यानं आधी बिरड्यातच चोच घातली. मला आनंद झाला. आणि खरं सांगते, त्या आनंदातही एक कुसळ टोचलंच, की माझ्या नावानं आई लगेच आल्या हे खरं, पण वहिनींच्या नावानंही तेवढीच घाई करायची काय गरज होती.

घरी आले तेव्हा वहिनी पानावर बसून होत्या, हात मांडीवर. "लगेच आल्या का गो?" त्यांनी विचारलं.

"छे," मी म्हटलं, "बराच वेळ लावला."

"हं," त्या म्हणाल्या आणि पानाकडे बघत राहिल्या. भाताला हात लावेनात. तो चेहरा मला बघवेना.

"अहो, लगेच आल्या," मी म्हटलं. "तुमचं नाव घेतलं नि लगेच."

मग त्यांनी पहिला घास घेतला. दुसरा बिरड्याचा घेतला, बराच वेळ चावला, आणि म्हणाल्या, "वाल अख्खा राहिलाय." मी त्यांना आणखी वाढलं आणि गोळीची पट्टी पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवली.

संध्याकाळी पेणला निघताना त्यांनी मला पुन्हा बजावलं, "माझी जागा लक्षात आहे ना, फुलांकडची?" मी म्हटलं, आहे. एसटीत बसल्यावर मात्र एक विचार मनातून जाईना. मी आधी गेले तर काळजी नाही. वहिनी तिथं वाकतील, कुणाचं ना कुणाचं नाव घेतील, आणि मी निमूट खाली येईन. पण त्या आधी गेल्या तर त्या दगडापाशी मी काय म्हणू? त्या दिवशी उपाशी तर मीच असेन, आणि ते त्यांना सांगायला दुसरं कुणी उरलेलं नसेल.