शिसवी पलंगाची गिटार

आमच्या सोसायटीत भुताखेतांना अजिबात न घाबरणारं एकच माणूस आहे, आणि सगळी सोसायटी त्या माणसालाच घाबरते. ते माणूस म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशी. नात्यानं त्या माझ्या कुणी नाहीत. पण दिल्लीच्या द्वारकेत मराठी बोलणारं कुणी शेजारी आलं की थोड्याच दिवसांत त्याचा काका होतो, नाहीतर मावशी होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मावशी गिटारी बनवायला लागल्या. बनवायला म्हणजे पार लाकूड कापण्यापासून. त्यांच्या बैठकीच्या खोलीत कपडे वाळवायच्या दोरीवर मान नसलेल्या गिटारी टांगलेल्या असतात. नुसती पोटं, ओळीनं. नवा कुरिअरवाला पार्सल दारातच टाकून पळतो.

या गिटारींसमोर कसं वागायचं याचे नियम आहेत. भांडायचं नाही. बातम्या लावायच्या नाहीत. कोरं लाकूड जे ऐकतं ते शिकतं, असं मावशींचं मत. समोरच्या आंटी एकदा तिथे बसून सुनेबद्दल बोलायला लागल्या, तर मावशींनी शांतपणे उठून जवळच्या गिटारीवर टॉवेल टाकला. विमानतळ जवळच असल्यामुळे एखादं विमान डोक्यावरून गेलं की तारा चढवलेल्या गिटारी आपोआप घुमतात. मावशी हातातलं पॉलिश पेपरचं काम न थांबवता सांगतात, "मोठं होतं. जाड तार बोलली."

पण त्यांचा खरा हट्ट सांध्याचा. स्टीलच्या तारा गिटारीची मान सतत आपल्याकडे ओढत असतात. वर्षं जातात तशी मान हळूहळू वर उचलली जाते, तारा बोटांपासून लांब जातात आणि वाजवणं म्हणजे शिक्षा होते. मग मान काढून पुन्हा नीट बसवावी लागते. ती पोटाला बोल्टनं जोडलेली असेल तर सोपं, बोल्ट सोडवायचे. काहीजण मात्र कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखी खाच करून त्यात ती सरसानं चिकटवतात. ती काढायची तर सांध्यात वाफ सोडून सरस मऊ करावा लागतो.

मावशी बोल्टवाल्या. गुडगावहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "आंटी, बोल्ट या ग्लू, फ़र्क क्या पड़ता है?"

"शादी हुई है?"

"जी, अभी-अभी."

"झगड़ा होता है तो दरवाज़ा खोलके बाहर जाते हो, या दीवार तोड़के?"

त्यानं बोल्ट घेतले.

सरसानं जोडलेली त्यांची एकच गिटार होती. त्यांच्या आईच्या शिसवी पलंगाच्या उशाकडच्या फळीतून केलेली. "आईला काय बोल्ट मारायचे?" त्या म्हणाल्या होत्या. ही गिटार विमान नसतानाही घुमायची. तिन्हीसांजेला, कुकर उतरल्यावर. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे मला बरंच ऐकू येतं. हेही मी ऐकलंय. सूर असा नव्हताच तो. झोपलेलं माणूस कूस बदलताना हुं करतं, तसं काहीतरी.

या हिवाळ्यात तिची मान वर यायला लागली. कोरड्या हवेनं सांधा कुरकुरत होता.

"तारा सैल करा ना, मावशी."

"मग ती बोलणार कशी?"

"आणि नाही केल्या तर?"

"तर एक दिवस मान पोट फाडून बाहेर येईल," मावशी मेथी निवडत म्हणाल्या.

असे बरेच दिवस गेले. त्या रोज गिटारीला कान लावायच्या, रोज तारांना हात लावून मागे घ्यायच्या. शेवटी एका रविवारी दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. गॅसवर कुकर होता. शिटीच्या जागी रबरी नळी, नळीच्या टोकाला जाड पोकळ सुई. "तू घट्ट धर," म्हणाल्या, आणि तारा उतरवलेली गिटार माझ्या मांडीवर ठेवून सुई सांध्यात सरकवली.

सकाळी वरण शिजवलेला कुकर. वाफेला आधी हिंगाचा वास आला. मग लाकूड गरम झालं आणि वास बदलला. आवळ्याचं तेल. वर्षानुवर्षं एका बाईनं तेल लावलेलं डोकं त्या फळीला टेकलं होतं, तेच आता बाहेर येत होतं. वासाचं कारण मला कळत होतं. तरी माझ्या हाताखाली आतून कुणीतरी अंग सैल सोडत होतं, त्याला माझ्याकडे कारण नव्हतं.

"झालं हं आई, झालं," मावशी पुटपुटत होत्या. "आता ओढत नाही."

मान सुटली. अगदी बारीक आवाज झाला, उसासा म्हणावा इतका. मावशींनी ती पदरानं पुसली.

"आता पुन्हा सरस, की बोल्ट? तू सांग."

"मी? मी काय सांगणार, मावशी?"

"अगं, पुढच्या वेळी ही वर येईल तेव्हा मी असणार आहे का? उघडणारी तूच."

मला कधीच काही ठरवायला आवडत नाही. पण तोंडातून निघून गेलं, "बोल्ट. परत वाफ नको. त्यांना त्रास होतो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. 'त्यांना' म्हणजे कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सांधा वाळून बोल्ट बसायला, तारा चढायला काही दिवस गेले. त्या संध्याकाळी मावशींनी पंखा बंद केला, गॅस बंद केला, फ्रीजचंसुद्धा बटण बंद केलं. आम्ही अंधारात बसलो. बराच वेळ काहीच नाही. मावशींची बोटं पदराशी चाळा करत होती. आणि मग ते हुं आलं. पण पूर्वीपेक्षा बारीक, लांबून.

मावशी ऐकत राहिल्या.

"आई आतल्या खोलीत गेली गं," त्या हळूच म्हणाल्या. "चलो, तिथे तरी झोपू दे निवांत."