साडेअकराची घंटा आणि मावशीचा सत्कार

कुणी सत्काराचं नाव काढलं की मी तिथून काढता पाय घेतो. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो यांच्याशी माझं वैर नाही. एके काळी हा सगळा उद्योग मीच हौसेने करायचो. विरार पूर्वेला फुलपाड्यात आम्ही नवीन राहायला आलो, तेव्हा पाच-सहा इमारतींनी मिळून रहिवासी संघ काढला होता आणि मी त्याचा सरचिटणीस होतो. एकदा माइक हातात आला की हे दुसऱ्याला देत नसत, असं बायको अजून चारचौघांत सांगते. खोटं नाही ते.

नव्वदीतली गोष्ट. इमारतींना नळाचं पाणी नव्हतं, सगळा संसार टँकरवर चालायचा. टँकरवाल्यांना जितक्या फेऱ्या तितकी कमाई, त्यामुळे विहिरींवरून भरून निघाले की उतारावरून बेफाम सुटायचे. आमच्या नाक्यावर रस्ता एकदम वळायचा आणि त्या वळणावरच एका वाडीची उंच भिंत होती. टँकर अगदी अंगावर येईपर्यंत दिसायचा नाही. शाळा नेमकी रस्त्यापलीकडे. पोरं दिवसातून दोनदा तो रस्ता ओलांडायची. आम्ही काय करायचो? मीटिंगा घ्यायचो आणि गतिरोधकासाठी अर्ज लिहायचो. अर्ज मी लिहायचो आणि फार सुंदर लिहायचो.

तिथे प्रत्यक्ष उभी राहायची ती पोरांची मावशी. ती इथल्या जुन्या वस्तीतली. आमच्या इमारती उभ्या होत्या तिथे पूर्वी तिच्या सासरची भातशेती होती. आता एक कौलारू घर आणि मागे तोंडली-पडवळाचे दोन मांडव, एवढंच उरलं होतं. एकदा तिच्या डोळ्यांदेखत एका पोराचं दप्तर टँकरच्या चाकाखाली गेलं. पोर वाचलं, दप्तराचा चेंदामेंदा झाला. दुसऱ्या दिवसापासून ही बाई जुन्या लुगड्याची लाल पट्टी हातात घेऊन शाळा भरताना आणि सुटताना नाक्यावर हजर. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोरांना तिचा एकच नियम होता, मी हात वर केल्याशिवाय कुणी पाय उचलायचा नाही. मग ती रस्त्याच्या मधोमध जायची, टँकरकडे तोंड करून हात वर करायची आणि टँकर थांबायचा. थांबल्यावर ड्रायव्हरला अशा शिव्या हासडायची की आमच्याकडच्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या.

माझी मुलगी तिसरीत होती आणि त्या पोरांमधलीच एक होती. म्हणजे दोन वर्षं ही बाई रोज माझ्या मुलीला जपत होती आणि मला तिच्या घराचं दारसुद्धा माहीत नव्हतं. सांगायला लाज वाटते.

वार्षिक कार्यक्रमात निःस्वार्थ सेवा करणाऱ्यांचा सत्कार करायचा, ही टूम माझीच. पहिलं नाव अर्थातच मावशीचं निघालं. अध्यक्ष म्हणून नगरपालिकेतले एक वजनदार गृहस्थ बोलवायचे होते आणि त्यांना शनिवारची सकाळच जमत होती. आमच्या भागाच्या नळजोडणीचा कागद त्यांच्या टेबलावर पडून होता. तेव्हा त्यांची सोय तीच आमची सोय.

निमंत्रण द्यायला मी तिच्या घरी गेलो, तेव्हा ती मांडवाखाली तोंडली तोडत होती. मी सांगितलं की दहाला सुरू, बाराला तुम्ही मोकळ्या. सत्कार म्हणजे काय, हे तिला दोनदा समजावून सांगावं लागलं. समजल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो शाळेचा.

"शनवारी पोरं साडेअकराला सुटतात. तवा मी नाय तर कोन उभं रानार?"

मी म्हणालो की आमची दोन माणसं उभी करतो, तुम्ही निर्धास्त या. तिने हातातली तोंडली खाली ठेवली. मग घरात जाऊन लाल पट्टी घेऊन आली आणि माझ्या हातात देताना बजावलं की माणसं रस्त्याच्या मधे उभी राहिली पाहिजेत, कडेला राहून भागत नाही. मी हो हो म्हणत पट्टी खिशात घातली. खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात हारांची ऑर्डर चालली होती.

दोन माणसं मी नेमली. एक माझ्या शेजारचा, दुसरा समोरच्या इमारतीतला, दोघेही संघाचे पदाधिकारी आणि स्वभावाने भले. पट्टी शेजाऱ्याकडे दिली. शनिवारी मुलगी शाळेला निघाली तेव्हा मी दाढी करता करता तिला मोठ्या ऐटीत सांगितलं की आज सुटताना नाक्यावर मावशी नसेल, ती बाबांच्या कार्यक्रमात असणार आहे, आज आपले दोन काका उभे असतील, ते सांगतील तसं कर. ती बरं म्हणाली आणि गेली.

कार्यक्रम देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. नाक्यापासून चालत तीन-चार मिनिटं. दहाचे साडेदहा झाले, साडेदहाचे अकरा झाले, पाहुण्यांचा पत्ता नाही. आले ते अकरा वाजून गेल्यावर. मग दीप लावणं, स्वागतगीत, हार. मावशीला शाल घातली, मानपत्र मीच वाचलं. काय काय लिहिलं होतं मी! ही माउली भय म्हणजे काय ते जाणत नाही, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती, मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरून. मग पाहुणे बोलायला उठले आणि मी मंचाच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

तिथून मला पहिली रांग समोर दिसत होती आणि त्या रांगेत माझा शेजारी बसला होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून लाल पट्टीचं टोक बाहेर आलं होतं.

क्षणभर मला कळलंच नाही मी काय बघतोय. मग कळलं. दुसरा कुठे आहे म्हणून पाहिलं, तर तो त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून. नंतर समजलं ते असं, की पदाधिकाऱ्यांचा पाहुण्यांबरोबर फोटो काढायचा होता. तो झाला की जाऊ, असं दोघांनी ठरवलं. पाहुण्यांना उशीर झाला, फोटो लांबला, आणि भाषण सुरू झाल्यावर पहिल्या रांगेतून उठायचं कसं? एकाला वाटलं दुसरा उठेल, दुसऱ्याला वाटलं पट्टी तर त्याच्याकडे आहे.

घड्याळात अकरा वीस झाले होते. मी कागदाच्या चिठोऱ्यावर 'नाका!' एवढंच लिहून खाली पाठवलं. शेजाऱ्याने वाचलं, चेहरा गोरामोरा केला आणि मला दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. अरे, कसली दोन मिनिटं? मला ओरडावंसं वाटत होतं. माझी पोर, इतरांची पोरं, ती भिंत, तो उतार, सगळं डोळ्यांसमोर नाचत होतं.  सदरा पाठीला चिकटला होता.

आणि तरीही मी हललो नाही. इथेच मी स्वतःला आजपर्यंत माफ केलेलं नाही. मंचावरून खाली उतरायला चार पायऱ्या होत्या. पण पाहुणे नळजोडणीच्या विषयावर आले होते, आणि सरचिटणीस भाषणाच्या मधूनच पळाला तर गृहस्थ काय म्हणतील, कागद परत खाली जाईल, लोक मलाच धरतील, असले हिशेब माझ्या डोक्यात चालले होते. पोरीच्या जिवाची भीती होती आणि साहेबाच्या कपाळावरच्या आठीचीही होती. दोन्ही भीतींमध्ये मी खांबासारखा उभा. अजून वेळ आहे, अजून पाच मिनिटं आहेत, अजून तीन आहेत, असं स्वतःला समजावत राहिलो.

मग शाळेची घंटा झाली. लांबून पण स्पष्ट ऐकू आली.

मावशीने मान वर केली. तिने आधी पहिल्या रांगेकडे पाहिलं. स्वतःच्या लुगड्याची पट्टी ती ओळखणारच. मग माझ्याकडे पाहिलं. तिने रागावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ती घाबरली होती. टँकरपुढे छाती काढून उभी राहणारी बाई, तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. ती उठली आणि तिने नारळ खुर्चीवर ठेवला. पाहुण्यांच्या समोरून, त्यांचं वाक्य चालू असताना, ती पायऱ्या उतरली. पाहुणे थांबले. कुणीतरी म्हणालं, अहो मावशी, बसा की, असं उठू नये. तिने लुगडं खोचलं आणि दारातून बाहेर पडली.

ती उठली म्हणून मी हललो. तेवढंच माझं शौर्य.

गल्लीत ती माझ्या पुढे पळत होती. पन्नाशी केव्हाच उलटलेली, पायात काही नाही, खांद्यावरची शाल एका बाजूला लोंबकळत होती. मी तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण माझे पाय उचलत नव्हते. गल्ली संपायला आली आणि नाक्यावरून ब्रेकचा आवाज आला. लांबलचक, किंचाळल्यासारखा. मग काहीतरी आदळलं आणि पाणी सांडल्याचा आवाज सुरू झाला. मी तिथेच भिंतीला धरून थांबलो. देवा, नको, एवढं एकच तोंडातून निघत होतं. पुढे जाऊन बघायची माझ्यात हिंमत नव्हती. मावशी मात्र थांबली नाही.

गेलो तेव्हा टँकर रस्त्यावर आडवा उभा होता. मागचा भाग वाडीच्या भिंतीला घासला होता आणि नळी निसटून पाणी धो धो वाहत होतं. पलीकडे शाळेच्या बाजूला सगळी पोरं रस्त्याच्या कडेला एका ओळीत उभी होती. एकानेही पाय उचलला नव्हता. मावशी दिसत नाही, हात वर झालेला नाही, म्हणून ती उन्हात तशीच थांबली होती. मी त्या ओळीत माझी मुलगी शोधली. एकदा शोधली, दोनदा शोधली. ती नव्हती.

ती टँकरच्या समोर होती, चाकापासून हातभर अंतरावर. रस्त्यावर बसलेली, एका पायात बूट नाही, फ्रॉक भिजून अंगाला चिकटलेला. मावशी तिच्या अंगावरून हात फिरवून कुठे लागलंय का बघत होती. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. ड्रायव्हर खाली उतरून डोक्याला हात लावून बसला होता.

मी तिला उचललं. ती रडत नव्हती. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "बाबा, काका कुठे आहेत? मी त्यांनाच शोधत होते."

 एवढ्या पोरांत मावशीची वाट न बघणारी ती एकटीच होती. कारण मावशी येणार नाही, हे फक्त तिला ठाऊक होतं. ते मी तिला सांगितलं होतं.

मावशी उठली. खांद्यावरची शाल तिने हातात घेतली, रस्त्याच्या मधे गेली आणि तीच वर धरून उरलेली पोरं पार केली. मग ती भिजलेली शाल तशीच माझ्या खांद्यावर टाकून म्हणाली, "सोमवारपासून सकाळी तुमी उभं रायचं. मी शिकवीन."

सोमवारी सात वाजता मी नाक्यावर गेलो. शेजारी आणि समोरच्या इमारतीतला, दोघेही आले होते, खाली मान घालून. नळजोडणीचं काय झालं म्हणाल तर ती यायची तेव्हा आली. मावशीने मला रस्त्याच्या मधे नेऊन उभं केलं आणि स्वतः मागे भिंतीपाशी जाऊन थांबली. वळणापलीकडून टँकरचा घरघराट आला. अंगावर येणारा टँकर समोरून कसा दिसतो, ते मी तोवर कधी बघितलं नव्हतं. माझे गुडघे लटपटायला लागले. मी मान वळवून तिला विचारलं की तुम्हाला हे असं होत नाही का.

"रोज व्हतं," ती म्हणाली. "आता हात वर करा."

मी हात वर केला. टँकर थांबला. मावशीने आधीच पोरांना सांगून ठेवलं होतं की आजपासून यांचा हात बघायचा. मी खूण केल्यावर पोरं निघाली, एकामागून एक माझ्या पुढून गेली. माझी मुलगी मात्र कडेलाच उभी. मी पुन्हा खूण केली, नावाने हाक मारली. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीपाशी बघत होती. शेवटी मावशीने हात वर केला आणि मगच तिने रस्त्यावर पाय टाकला.